पारेन्झाना : द्राक्षमळ्यांतून जाणारी जुन्या रेल्वेची सायकलवाट

रानजाई

मागच्या महिन्यात सायकल-सहलींच्या धाग्यावर दोघा-तिघांनी विचारलं होतं की शाळकरी मुलं आणि साठी ओलांडलेले आईवडील यांना बरोबर घेऊन, मागून येणाऱ्या ट्रकची धास्ती न बाळगता, परदेशात कुठे सायकल चालवता येईल. तिथे दोन ओळींत उत्तर दिलं होतं, पण विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

माझं उत्तर आहे पारेन्झाना. एड्रियाटिक समुद्रात शिरलेलं इस्त्रिया नावाचं एक त्रिकोणी द्वीपकल्प आहे. त्याचा मोठा भाग क्रोएशियात, वरची पट्टी स्लोव्हेनियात आणि एक कोपरा इटलीत. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजवटीत, 1902 साली, त्रिएस्ते बंदर आणि दक्षिणेचं पोरेच गाव यांना जोडणारी नॅरोगेज रेल्वे सुरू झाली. पोरेचला इटालियनमध्ये पारेन्झो म्हणतात, म्हणून गाडी पारेन्झाना. 1935 साली ती बंद पडली आणि रूळ उखडले गेले. हे रूळ मुसोलिनीच्या ॲबिसिनियातल्या (आजच्या इथिओपियातल्या) मोहिमेसाठी जहाजात भरले आणि जहाज वाटेत बुडालं अशी गोष्ट तिथे सगळे सांगतात, पण ती ऐकीव आहे. मागे उरले ते भराव, बोगदे, दगडी पूल आणि स्टेशनं. त्यांच्यावरूनच आता सायकलवाट जाते.

रेल्वेचा मार्ग सायकलला इतका का मानवतो, हे तिथे गेल्यावर पायांना कळतं. इंजिनाला उभा चढ झेपत नाही. म्हणून ज्यांनी हा मार्ग आखला, त्यांनी प्रत्येक डोंगराला लांबलचक वळसे घातले. त्रिएस्ते ते पोरेच सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आसपास भरेल, आणि रेल्वेची लांबी होती 123 किलोमीटर! चढ कुठेही शंभर मीटरला तीन मीटरच्या वर जात नाही. समुद्रसपाटीपासून निघून ग्रोझन्यानला 293 मीटरवर पोचतो, पण धाप लागत नाही. त्या काळच्या प्रवाशांना हा वळसा कंटाळवाणा होत असणार. गाडी इतकी हळू की लोक उतरून कडेची फळं तोडून परत डब्यात चढत, असं म्हणतात. आपल्यासाठी मात्र तोच वेळ द्राक्षमळ्यांच्या मधून जातो.

वाटेचे तीन देशांतले तुकडे स्वभावाने वेगवेगळे आहेत. इटलीतले 13 किलोमीटर मी सोडून द्यायला सांगेन, कारण त्रिएस्तेच्या बाहेर बंदर, कारखाने आणि रस्ते यांतून जुनी वाट सलग राहिलेली नाही. स्लोव्हेनियातले 32 किलोमीटर बहुतेक डांबरी, कोपर, इझोला, पोर्तोरोझ अशा समुद्राकाठच्या गावांतून जाणारे. इझोला सोडल्यावर वाट किनारा सोडून वर चढते आणि इथे पहिले मळे लागतात. पुढे वालेताचा बोगदा, पाचशे मीटरहून लांब. आत दिवे आहेत. उन्हातून आत शिरल्यावर अंगावर काटा येतो इतका गारवा. बाहेर पडलं की खाली पोर्तोरोझचा उपसागर आणि मग सेचोव्ल्येची मिठागरं. शेकडो वर्षं चालत आलेल्या पद्धतीने तिथे आजही मीठ हाताने ओढतात.

मग द्रागोन्या नदी ओलांडून क्रोएशिया. हे 78 किलोमीटर म्हणजे या वाटेचा गाभा. इथे डांबर जवळपास संपतं, पांढऱ्या चुनखडीची खडी सुरू होते आणि वाट बुये, ग्रोझन्यान, झावर्श्ये, लिवादे, मोतोवुन, विझिनादा अशी डोंगरमाथ्यावरची गावं धरून चालते. बहुतेक ठिकाणी गाड्या नसतात, पण शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर काही तुकड्यांवर येतात. ते आपल्याला बघून थांबतात, हात करतात.

मळ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझं मन तिथेच अडकलं. पश्चिमेकडच्या पट्ट्यात, बुये आणि पोरेचच्या बाजूला, माती लालभडक. पाऊस पडून गेला की ती टायरला चिकटून मडगार्डमध्ये बसते आणि काठीने खरवडून काढावी लागते. आत डोंगराकडे गेलं की तीच माती राखाडी-पांढुरकी, ठिसूळ थरांची होते. दोन्हीकडे मुख्य वेल एकच, मालवाझिया नावाचं पांढरं द्राक्ष. तिथले लोक सांगतात की लाल मातीतली वाईन अंगाने भरलेली असते आणि पांढऱ्या मातीतली हलकी, आंबटसर. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून चाखल्या आणि फरक जिभेला खरोखर कळला. लाल वाईन हवी तर तेरान. ती चांगलीच आंबट आणि गडद असते, नुसती पिण्यापेक्षा जेवणाबरोबर छान लागते. स्लोव्हेनियाच्या बाजूला लाल वाईनमध्ये रेफोश्कचा मान मोठा. बुयेच्या वर मोम्यान नावाचं गाव आहे, तिथली मस्कत द्राक्षाची वाईन गोडसर आणि फुलांच्या वासाची. मोम्यान वाटेवर नाही, चढून जावं लागतं, पण जा.

सप्टेंबरात तोडणी चालू असते. वाटेच्या अगदी कडेला, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, वेलींच्या ओळी येतात. मालवाझियाचे घड पिकले की उन्हाच्या बाजूचे मणी पिवळे-तांबूस होतात, सावलीतले हिरवेच राहतात. एका ओळीच्या शेवटी एक आजी बसून क्रेटमधल्या घडांतले सडके मणी छोट्या कात्रीने काढत होत्या. मी थांबले तर काही न बोलता एक घड पुढे केला. साल जाड, बिया मोठ्या, आणि गोडी अशी की बोटं चिकटून बसली. पुढच्या नळापर्यंत हँडल चिकट होतं.

फोटो जमतील तसे टाकते. प्रश्न असतील तर जरूर विचारा.

बार्शीकर

रानजाई ताई, फार सुंदर लिहिलं आहे. एक सांगू का, पारेन्झानाच्या दोन रुळांमधलं माप 760 मिलिमीटर होतं. आमच्या बार्शी लाइट रेल्वेचं अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. दोन मिलिमीटरचा फरक! एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी ही लाइन सुरू केली. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. तिथे वाईन आणि ऑलिव्हचं तेल वाहिलं, इथे धान्य, कापूस आणि वारकरी. आमचे आजोबा आषाढीला डब्याच्या टपावर बसून गेल्याचं सांगायचे.

आमची लाइन ब्रॉडगेज झाली, त्याबद्दल तक्रार नाही, गाडी चालू राहिली याचा आनंदच आहे. पण मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर हा शकुंतलेचा, म्हणजे विदर्भातल्या नॅरोगेज गाडीचा, मार्ग आता नुसता पडून आहे. तिथे असं काही का होऊ नये?

वऱ्हाडी_वाटसरू

बार्शीकर दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे मला कळतं, पण शकुंतलेच्या काठावरच्या गावात माझं लहानपण गेलं आहे म्हणून स्पष्ट लिहितो. आमच्या लोकांना सायकलवाट नको आहे, गाडी हवी आहे. हा मार्ग इंग्रजांनी विदर्भातला कापूस बंदरापर्यंत नेण्यासाठी घातला आणि नंतर तीच गोरगरिबांची सगळ्यात स्वस्त सोय झाली. ती परत चालू व्हावी, ब्रॉडगेज व्हावी म्हणून लोक अजून पाठपुरावा करत आहेत. रूळ गेले, वर सायकलवाट झाली, की ती मागणी कायमची संपली असं लोकांना वाटेल, आणि ते चूक नाही.

रानजाई

वऱ्हाडी_वाटसरू, तुमचं म्हणणं पटलं. पारेन्झाना बंद पडली तेव्हा तिच्या जागी बस आणि मोटारगाड्या आल्या होत्या आणि त्यानंतर कित्येक दशकं तो भराव रानाने गिळलेला होता. सायकलवाट झाली ती या शतकात. म्हणजे कोणाच्या तोंडची गाडी काढून तिथे वाट केलेली नाही. जिथे लोक अजून गाडीची वाट बघतात, तिथे आधी गाडीच यायला हवी.

द्राक्षवेल_निफाड

ताई, मी द्राक्षबागायतदार. तुमचं लेखन वाचून बागेतलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. ओळींमधलं अंतर, तारा, वेलीची उंची याकडे तुमचं लक्ष गेलं का? तिकडे वेल मांडवावर चढवतात की वाय पद्धतीने, म्हणजे इंग्रजी Y आकाराच्या आधारावर? आणि फवारणी काय करतात?

रानजाई

दादा, तुमच्यासारख्या माणसाने विचारल्यावर नीट सांगायला हवं. मांडव मला फक्त जुन्या घरांच्या अंगणात दिसले, सावलीसाठी. मळ्यात सगळीकडे उभ्या तारा, खांबाला खांब, आणि वेल खालच्या तारेवर बांधलेला. फळ गुडघा ते कमरेच्या उंचीवर येतं. हिवाळ्यात वेल पूर्ण झोपतो, पानं गळतात, आणि वर्षातून एकच छाटणी करतात. मी आपल्याकडची एप्रिल छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी समजावून सांगितली तेव्हा तिथले एक शेतकरी काका दोन वेळा विचारून खात्री करून घेत होते. वर्षात दोनदा छाटायचं आणि फळ जानेवारी ते मार्चच्या उन्हात काढायचं, हे त्यांना नवलाचं वाटलं.

फवारणीचं म्हणाल तर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण त्यांच्याकडेही आहे, गंधकही आहे. पानांवर निळसर डाग ओळखीचे वाटले. डाऊनी आणि भुरी ही दोन दुखणी तिथेही पाठ सोडत नाहीत. पोरेचमध्ये शेतीची एक संस्था आहे, 1875 साली सुरू झालेली, आजही द्राक्ष आणि ऑलिव्हवर काम करते.

द्राक्षवेल_निफाड

वा! खुंटाचं, म्हणजे ज्या मुळावर वेलीचं कलम बांधतो त्याचं, विचारायचं राहिलं. आम्ही डॉगरिज नावाच्या खुंटावर कलम करतो, पाणी कमी आणि क्षार जास्त म्हणून. तिकडे अमेरिकन खुंट आले ते फिलॉक्झेरा किडीमुळे. एकोणिसाव्या शतकात तिने युरोपभरच्या बागा मुळापासून खाल्ल्या आणि इस्त्रियाही त्यातून सुटला नाही. म्हणजे दोन्हीकडे वेल परक्या मुळावर उभा आहे, कारण मात्र वेगळं. मुलाला घेऊन एकदा बघायला जायचं आहे. सायकल मला जमेल का हाच प्रश्न.

म्युनिकवासी

चांगला धागा. मी दोन वर्षांपूर्वी हा मार्ग केला, थोडा वेगळा अनुभव लिहितो म्हणजे लोकांना पूर्ण कल्पना येईल. मी भाड्याने सायकल घेतली होती. दुकानदाराने "ही सगळीकडे चालते" म्हणत बारीक टायरची रोड सायकल दिली. स्लोव्हेनियात मजा आली. बुयेच्या पुढे खडीवर दोनदा पंक्चर, उतारावर मागचं चाक घसरून कोपर खरचटलं. क्रोएशियाच्या बाजूला 40 मिलिमीटरपेक्षा बारीक टायर घेऊन जाऊच नका. ग्रॅव्हल सायकल, ट्रेकिंग सायकल किंवा साधी एमटीबी (माउंटन बाइक) उत्तम.

पोचण्याबद्दल : व्हेनिसहून त्रिएस्तेपर्यंत रेल्वेने साधारण दोन तास लागतात. इटलीच्या प्रादेशिक गाड्यांत सायकलचं वेगळं तिकीट काढून सायकल नेता येते. त्रिएस्तेहून मुग्गियाला छोटी बोट जाते, शहराबाहेरचा रहदारीचा पट्टा तिने टळतो. पोरेचला आज रेल्वे नाही, त्यामुळे परतीची सोय आधी ठरवा. मी सामान पुढच्या मुक्कामी पोचवणारी आणि शेवटी गाडीने परत आणणारी सेवा घेतली, पैसे वसूल झाले.

अनघा_त

व्हिसाचं काय? तीन देश म्हणजे तीन व्हिसा?

म्युनिकवासी

नाही. 1 जानेवारी 2023 पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चालतो. आता एकाच शेंगेन व्हिसावर तिन्ही देश होतात, पैसेही बदलावे लागत नाहीत. पण पासपोर्ट हॉटेलात ठेवून निघू नका. 2023 च्या शरद ऋतूपासून या सीमांवर मधूनमधून तपासणी परत सुरू झाली आहे.

मोगरा

आम्ही घरात चौघेही शाकाहारी, वाईन फक्त नवरा घेतो. आम्हाला तिथे काय?

रानजाई

मोगरा, भरपूर आहे. गावागावांत कोनोबा असतात, घरगुती खाणावळी. फुझी नावाचा हाताने वळलेला पास्ता ट्रफल घालून देतात. ट्रफल म्हणजे मोतोवुनच्या खालच्या ओकच्या जंगलात, मिर्ना नदीच्या ओलसर मातीत, जमिनीखाली वाढणारी बुरशी. कुत्र्यांना शिकवून ती शोधतात. बुयेजवळ 1999 साली 1 किलो 310 ग्रॅमचं पांढरं ट्रफल सापडलं आणि गिनीज बुकात गेलं. त्यानंतर ते शोधणाऱ्याचं लिवादे हे चिमुकलं गाव जगाच्या नकाशावर आलं. पांढरं ट्रफल सप्टेंबरपासून थंडीपर्यंत मिळतं, महाग असतं. वास उग्र, काहींना अजिबात आवडत नाही, आधी एक प्लेट मागवून सगळ्यांनी चाखा.

मेंढीच्या दुधाचं चीज, बटाटा घालून केलेली चाकवतासारखी पालेभाजी, पाव आणि ऑलिव्हचं तेल. ते तेल नुसतं पावाला लावून खा, घशात किंचित तिखट लागतं तेच ताज्या तेलाचं लक्षण. एक सावधगिरी : मानेश्त्रा नावाचं राजमा-मक्याचं दाट सूप दिसायला शाकाहारी असतं, पण त्यात बहुतेकदा डुकराच्या मांसाचं हाड उकळलेलं असतं. विचारून घ्या. वसंतात रानटी शतावरीचे कोवळे कोंब मिळतात, पण ते बहुधा अंड्यांत परतलेले असतात.

वाईनबद्दल सगळ्यांनाच : चाखणं दिवसाचं सायकलिंग संपल्यावर. मळ्यातल्या घरी गेलात तर घोट थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात अजिबात संकोच नको, तिथे कोणी वाईट मानत नाही.

इतिहासवेडा

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. या वाटेवरची काही गावं सुंदर आहेत आणि ओकीबोकीही आहेत, त्यामागे दुखरा इतिहास आहे. इस्त्रियाचा किनारा 1797 पर्यंत व्हेनिसचा, मग 1918 पर्यंत ऑस्ट्रियाचा, मग इटलीचा, दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियाचा. युद्धानंतर इटालियन बोलणारे लोक मोठ्या संख्येने निघून गेले. झावर्श्येत बंद दारं आणि छप्पर खचलेली घरं दिसतात ती त्यामुळे. ग्रोझन्यानही असंच ओस पडलं होतं. 1965 पासून चित्रकार, शिल्पकारांना तिथली रिकामी घरं दिली गेली आणि आज उन्हाळ्यात गल्लीगल्लीतून संगीताचे रियाज ऐकू येतात. पाट्या अजून दोन्ही भाषांत आहेत, क्रोएशियन आणि इटालियन. झावर्श्येला फोटो काढताना कोणाचं तरी घर आहे हे लक्षात असू द्या, एवढंच म्हणणं.

रानजाई

इतिहासवेडा, मनापासून आभार. हे मूळ लेखात यायलाच हवं होतं. झावर्श्येत एका उंबऱ्याजवळ कोणीतरी ताजं पाणी घातलेल्या तुळशीएवढ्या कुंड्या ठेवल्या होत्या. म्हणजे काही जण अजून राहतात, किंवा परत येतात.

सायकलवाला_ठाणे

ऋतू कोणता धरावा? आणि वारा?

म्युनिकवासी

मे-जून किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. जुलै-ऑगस्टमध्ये पांढऱ्या खडीवरून ऊन उलटं अंगावर येतं आणि मळ्यांत सावली नाही. वाऱ्याचं विचारलंत ते बरं केलंत. बोरा नावाचा ईशान्येकडून येणारा थंड, झोताने आदळणारा वारा त्रिएस्तेच्या बाजूला फार जोराचा असतो. 1910 साली मुग्गियाजवळ त्याने ही रेल्वेगाडीच उलथवली होती, तीन माणसं दगावली. जोर मुख्यतः हिवाळ्यात, पण एरवीही हवामानाच्या अंदाजात बोरा दिसला तर त्या दिवशी उंच पुलांवर जाऊ नका.

द्राक्षवेल_निफाड

माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. वय 61, गुडघे कुरकुरतात, शेतात सायकल वापरतो पण लांब नाही.

रानजाई

दादा, तुमच्यासाठी असं सुचवेन : पूर्ण वाटेचा हट्ट धरू नका. सायकली गाडीत टाकून ग्रोझन्यानला न्या आणि तिथून लिवादेकडे निघा. 293 मीटरवरून जवळजवळ नदीच्या पातळीपर्यंत सलग हलका उतार आहे, पायडल क्वचित मारावं लागतं, आणि सगळ्यात देखणे दगडी पूल याच टप्प्यात येतात. पुलांना आता कठडे आहेत, भीती वाटणार नाही. लिवादेत या रेल्वेचं छोटं संग्रहालय आहे, ते बघून जेवा. दुसऱ्या दिवशी विझिनादाला गाडीने जाऊन पोरेचकडे उतरा, तिथे लाल मातीतले मळे आणि ऑलिव्हच्या बागा. मधला लिवादे ते विझिनादा चढ मुलाला करू दे, किंवा तुम्ही ई-बाइक घ्या, ती तिथे सहज भाड्याने मिळते.

पहिल्या टप्प्यात बोगदे आहेत आणि सगळ्यांत उजेड असेल असं नाही. पुढचा-मागचा दिवा रात्रीच चार्ज करा, काळा चष्मा बोगद्याच्या तोंडाशी उतरवा. पाणी प्रत्येकी दीड लिटर घेऊन निघा, दोन गावांच्या मध्ये नळ मिळत नाही. आणि छाटणीची कात्री मात्र घरी ठेवा, विमानात हातातल्या सामानात नेऊ देणार नाहीत. तिथले काका तुम्हाला त्यांची देतील, त्यांनी स्वतःहून म्हटलं होतं की नाशिकचा माणूस आला तर माझ्याकडे पाठवा. त्यांच्या मळ्याची जागा तुम्हाला व्यक्तिगत निरोपात कळवते.